ओआहाका, पुएब्ला, सान मिगेल: जुन्या वाड्यातली खोली घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटी बारा दिवस मेक्सिको. तुम्ही दोघं, सोबत एकाहत्तर वर्षांच्या आई. त्यांचे गुडघे दुखतात, आणि तिघंही शाकाहारी. मेक्सिको सिटी, पुएब्ला, ओआहाका आणि सान मिगेल दे आयेंदे एवढं नक्की आहे. हॉटेलच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही, पण जुन्या मठातलं हॉटेल घ्यावं, लहानसं बुटीक घ्यावं की सरळ मोठ्या साखळीतलं पंचतारांकित, इथे घोडं अडलंय.

मी गेली चौदा वर्षं मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखणं हेच माझं काम आहे. या शहरांतल्या बऱ्याच चांगल्या हॉटेलांत मी स्वतः राहिले आहे, काहींत तर मुद्दाम वेगवेगळ्या खोल्यांत. त्यावरून सांगते: हॉटेलचं नाव ठरलं म्हणजे अर्धंही काम झालं नाही. एकाच इमारतीत एक खोली अशी असते की माणूस तिथून हलायला तयार होत नाही, आणि चार दारं सोडून पलीकडे अशी असते की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. भाड्यात फरक मात्र फारसा नसतो.

याचं कारण इमारतीच्या घडणीत आहे. पुण्यातला किंवा वाईतला एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा. मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीवर उघडणाऱ्या खोल्या, डोक्यावर कडीपाट, रस्त्याच्या अंगाला हातभर जाड भिंत. स्पॅनिश काळातलं मेक्सिकन घर जवळजवळ असंच आहे. चौकात तुळशीऐवजी कारंजं, ओसरीला लाकडी खांबांऐवजी दगडी कमानी, एवढाच काय तो फरक. अशा घराचं हॉटेल झालं की आतल्या बाजूच्या खोलीला उजेड येण्याची वाट एकच, ती म्हणजे ओसरीवरचं दार. दार उघडं ठेवलं तर येणारे-जाणारे आत बघतात, पडदा ओढला तर भर दुपारी दिवा लावावा लागतो. रस्त्याकडच्या खोलीला उंच दारं, लोखंडी कठड्याची बाल्कनी आणि भरपूर उजेड मिळतो, पण रस्त्यावरचा प्रत्येक आवाजही आत येतो. म्हणून पहिला निर्णय असा घ्या: उजेड हवा की झोप? आईंसोबत असाल तर मी डोळे मिटून आतली खोली घेईन आणि उजेडासाठी संध्याकाळी चौकात बसेन.

दुसरी गोष्ट लिफ्टची. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या वास्तूंना मेक्सिकोत १९७२च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यात काही बदल करायचा तर 'इना' या राष्ट्रीय पुरातत्त्व व इतिहास संस्थेची परवानगी लागते. भिंत फोडून लिफ्ट घालणं, खिडकीला दुहेरी काच बसवणं, एसीसाठी भोक पाडणं हे मालकाच्या मनावर नसतं. त्यामुळे रात्रीला चारशे डॉलर मोजूनही दगडी जिना चढून जावं लागतं, आणि त्यात हॉटेलने फसवलं असं काही नसतं. आपण आधी विचारायला हवं. आरक्षण करताना 'प्लांता बाहा' हे दोन शब्द लिहायचे, म्हणजे तळमजला. 'प्रिमेर पिसो' म्हणजे आपल्यासारखाच पहिला मजला, तिथे जिना आला. आणि तळमजला मिळाला तरी पुढचं विचाराच: खोलीच्या दारात पायरी आहे का, न्हाणीघरात शॉवरला उंबरा आहे का, की टबात पाय टाकून चढावं लागतं? तांब्याचे किंवा तालावेरा, म्हणजे रंगीत चकाकीच्या मातीच्या, फरश्यांचे टब फोटोत फार सुंदर दिसतात, पण त्यांचा काठ गुडघ्याच्या वर येतो. माझ्या पाहुण्यांपैकी ज्यांचे पाय घसरले, ते रस्त्यावर नाही, न्हाणीघरातच घसरले.

आता ओआहाका, कारण तुमच्या सहलीचा जीव तिथे आहे आणि तारखाही तिथल्याच अवघड आहेत. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर मृतांचा सण असतो. त्या दिवसांसाठी चांगल्या खोल्या आठ-दहा महिने आधी जातात, आणि बरीच हॉटेलं तीन-चार रात्रींपेक्षा कमी आरक्षण घेतच नाहीत. तेव्हा आधी ओआहाका पक्कं करा आणि मग बाकीची शहरं त्याभोवती बसवा. उलट क्रमाने गेलात तर जे उरेल ते पदरात पडेल.

तुम्ही ज्या मठाबद्दल विचारलंत तो सांता कातालिना दे सिएनाचा. १५७६मध्ये स्थापन झालेला नन्सचा मठ. आज तिथे किंता रेआल हे हॉटेल आहे. जुन्या प्रवासवर्णनांत तेच कामिनो रेआल या नावाने सापडेल. १८५९मध्ये बेनितो हुआरेसच्या सरकारने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या नावे केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अशा मठांतून नन्सना बाहेर पडावं लागलं. पुढे या इमारती सरकारी कचेऱ्या झाल्या, तुरुंग झाले, शाळा झाल्या, आणि हॉटेल हा त्यांचा अगदी अलीकडचा जन्म. हुआरेस स्वतः ओआहाकाच्या डोंगरातल्या ग्वेलाताओ गावचा, झापोतेक या मूलनिवासी समाजातला. ज्याच्या सरकारने मठ रिकामे केले त्याच्याच मुलखात आपण त्या मठात मुक्काम करतो, हे मला दर वेळी आठवतं.

त्या वास्तूत एका चौकात घुमटाखाली नन्सची धुण्याची जागा आहे. मधल्या पाण्याभोवती वर्तुळात दगडी कुंड्या, प्रत्येकीला उतरता दगड. त्या दगडावर हात फिरवून बघा. आपल्याकडे गावच्या विहिरीवरचा धुण्याचा दगड जसा मधोमध गुळगुळीत होतो, तसाच तो झिजलेला लागतो. सकाळी सातच्या सुमारास तिथे कोणी नसतं. आईंना घेऊन त्या वेळी जा.

पण इथेही खोली निवडून घ्यावी लागेल. मठातल्या खोल्या एका मापाच्या नाहीत. काही प्रशस्त, काही खरोखरच कोठडीएवढ्या, खिडकी डोक्याच्या वर. रस्त्याकडच्या खोल्यांना सांतो दोमिंगो चर्चच्या बाजूने येणाऱ्या मिरवणुकांचा आवाज असतो. ओआहाकात लग्नाची वरात म्हणजे 'कालेन्दा': पितळी वाद्यांचा बँड, कापडी महाकाय बाहुल्या, नाचणाऱ्या बायका, आणि वर फटाके. बघायला आनंद आहे, पण पलंगावर पडून ऐकायला नाही. तेव्हा आतल्या चौकाची, तळमजल्याची खोली मागा, आणि आरक्षणाच्या पुष्टीत ते लेखी येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहीत राहा.

जागेबद्दलही एक सांगते. मासेदोनिओ आल्काला हा गावाचा मुख्य रस्ता पादचाऱ्यांचा आहे. त्यावरचं हॉटेल फोटोत मोहक दिसतं, पण टॅक्सी दारापर्यंत येत नाही, सामान आणि गुडघे दोन्ही चालवावे लागतात. 'गाडी नेमकी कुठे थांबते' हा प्रश्न विचाराच. सोकालोच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, अगदी काठावरचं हॉटेल मी टाळते. शिक्षक संघटनेचं धरणं तिथे वारंवार असतं, विशेषतः मे-जूनमध्ये, आणि मग तंबूंमधून वाट काढत जावं लागतं. शांतता हवी तर हालात्लाको ही जुनी वस्ती सुरेख आहे, रंगीत भिंतींची. मात्र तिथले रस्ते गोट्यांचे आहेत, आणि सणाच्या रात्री तिथेही गर्दी उसळते.

आणखी दोन गोष्टी ओआहाकाच्या. पहिली पाण्याची. शहराला पाण्याची टंचाई आहे आणि चांगली हॉटेलंसुद्धा टँकर मागवतात; त्याला तिथे 'पीपा' म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मोठं हॉटेल टाक्या भरून ठेवतं, आठ खोल्यांचं लहान घर अडचणीत येऊ शकतं. म्हणून लहान ठिकाण घेतलंत तर साठवणीची सोय विचारा, आणि टब भरून आंघोळ करू नका, ही माझी मनापासून विनंती. दुसरी भूकंपाची. हा पट्टा हलणारा आहे. सप्टेंबर २०१७मध्ये दोनदा मोठे धक्के बसले, ७ तारखेला ८.२ आणि १९ला ७.१ तीव्रतेचा. शहरात धोक्याचा भोंगा वाजतो आणि बहुतेक वेळा हादरे पोहोचण्याआधी काही सेकंद मिळतात. पोहोचल्यावर लगेच स्वागतकक्षात विचारून ठेवा की भोंगा वाजल्यावर कुठल्या चौकात जमायचं. तळमजल्याची खोली इथेही उपयोगी पडते.

जेवणाचं हॉटेलशी थेट नातं आहे, म्हणून इथेच सांगते. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाविना, एवढं पुरत नाही. फ्रिहोलेस, म्हणजे घेवड्याची उसळ, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजलेला असतो, आणि ओआहाकाच्या त्लायुदावर, त्या मोठ्या कडक भाकरीवर, चरबीचाच थर असतो. मोलेतही कोंबडीचं पाणी असतं. तेव्हा 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' हे आधीच ईमेलवर कळवा. ज्या हॉटेलचं स्वतःचं स्वयंपाकघर सकाळ-संध्याकाळ चालतं ते अशा वेळी सोन्यासारखं. नुसता नाश्ता देणारं बुटीक आईंना रात्री जेवायला बाहेर काढतं.

पुएब्ला सोपं आहे. १५३१मध्ये स्पॅनिश लोकांनी सपाट जमिनीवर आखून वसवलेलं शहर, काटकोनात छेदणारे रस्ते, चढउतार जवळपास नाही. गुडघ्यांना हे चारही शहरांत सर्वांत दयाळू. इथे तुम्ही साखळीतलं हॉटेल घेतलंत तरी चालेल, मात्र ते जुन्या शहरात असेल तर. आंखेलोपोलिस या नव्या भागातली चकचकीत हॉटेलं स्वस्त वाटतात, पण तिथे राहणं म्हणजे शनिवारवाडा बघायला हिंजवडीत मुक्काम करणं. ला पुरिफिकादोरा हे हॉटेल मला वास्तू म्हणून फार आवडतं. एकोणिसाव्या शतकातला पाणी शुद्ध करण्याचा कारखाना, आणि त्याचं रूपांतर लेगोर्रेता या मेक्सिकन वास्तुविशारदांच्या कार्यालयाने केलेलं. तरुण जोडप्याला मी तेच सुचवते. पण अशा आधुनिक रचनेच्या हॉटेलांत, कुठल्याही शहरात, न्हाणीघराला दार आहे की नुसती काच, हे विचारून घ्या. सासूबाईंसोबत तो प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तुमच्यासाठी जुन्या घराचं, लिफ्ट असलेलं, कातेद्राल, म्हणजे मुख्य चर्च, इथून पाच-सहा गल्ल्यांतलं कुठलंही चांगलं ठिकाण पुरेल.

पुएब्लात असताना येशूसंघीयांच्या कोम्पानिया चर्चमध्ये नक्की जा. सतराव्या शतकात भारतातून गुलाम म्हणून पळवून, मनिलामार्गे या शहरात आणलेली कातारिना दे सान हुआन १६८८मध्ये इथे वारली आणि तिला तिथे पुरलं. लोक तिला संत मानत. आपल्याकडून इतक्या लांब कोणी आधी येऊन गेलंय, हे आईंना सांगा.

सान मिगेलबद्दल मात्र मी सावधच करेन. शहर देखणं आहे, २००८पासून जागतिक वारशात आहे, आणि हॉटेलांचा दर्जा मेक्सिकोत वरचा. पण रस्ते चढाचे आणि मोठ्या गोट्यांचे, फुटपाथ दीड माणसाचे, फरशी घासून गुळगुळीत झालेली. आणि शनिवार-रविवारी ते लग्नांचं गाव होतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नागपूरचं एक जोडपं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलं होतं. मीच निवडलेलं हॉटेल, नावाजलेलं. त्यांना दिलेली खोली गच्चीवरच्या बारच्या बरोबर खाली निघाली. संगीत अकराला थांबलं, पण मग खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू झाला. लोखंडी पायांच्या खुर्च्या दगडी फरशीवर, रात्री दीडपर्यंत, आणि सकाळी सहाला पुन्हा झाडलोट. कडीपाटातून आवाज जसाच्या तसा खाली येतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हलवलं, पण ती एक रात्र काही मला परत देता आली नाही. तेव्हापासून मी दोन प्रश्न लेखी विचारल्याशिवाय पैसे भरत नाही: या खोलीच्या वर काय आहे? आणि त्या तारखांना हॉटेलात 'बोदा', म्हणजे लग्न, आहे का?

सान मिगेलमधलं रोजवुड २०११चं, नव्याने बांधलेलं आहे. बाहेरून जुन्या धाटणीचं, आतून लिफ्ट, रुंद दारं, दारापर्यंत गाडी. जुन्या वास्तूचा सहवास हवा असणाऱ्यांना मी ते सुचवत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या आईंसाठी विनासंकोच सुचवते. बेलमोंडचं कासा दे सिएरा नेवादा हे खरं जुनं, आणि ते एक घर नसून जवळपासच्या गल्ल्यांत विखुरलेल्या अनेक वाड्यांचं मिळून हॉटेल आहे. रस्ता ओलांडून नाश्त्याला जावं लागेल का, हे तुम्हाला कुठल्या घरात खोली मिळते त्यावर अवलंबून. ते घर आधी ठरवून घ्या. तिथल्या चौकातली दुपार मला फार प्रिय आहे, पण तुमच्या घरासाठी मी रोजवुडच निवडेन. सोमवार ते गुरुवार राहिलात तर भाडंही उतरतं आणि गावही शांत असतं. नोव्हेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते आणि जाड भिंती ती धरून ठेवतात. फायरप्लेस आहे की हीटर, आणि लाकडं पेटवून द्यायला कोणी येतं का, विचारा.

मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात दोन रात्री ठेवा. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी आईंना धाप लागेल. त्यामुळे फक्त चौक आणि आराम. हा भाग तळं बुजवून त्यावर उभा राहिलेला आहे आणि इमारती खचताहेत, काही जुन्या हॉटेलांत ओसरीचा उतार पायांना कळतो. चालत जाता येईल अशा अंतरावर सार्वजनिक शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. तिथल्या भित्तिचित्रांत दिएगो रिव्हेराने पंगतीच्या प्रमुख जागी पाव मोडणारा जो माणूस काढलाय, ते वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे: गदर चळवळीतले क्रांतिकारक, नंतर मेक्सिकोतले शेतीतज्ज्ञ. ते चित्र दाखवण्यासाठी मी प्रत्येक मराठी कुटुंबाला जुन्या भागातच उतरवते.

ग्वानाह्वातो जोडावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. या वेळी नको. गल्ल्या म्हणजे जिनेच आहेत, वाहतूक बोगद्यांतून चालते, आणि ऑक्टोबरात सेर्वांतिनो हा मोठा कला महोत्सव असतो. पुढे कधी फक्त दोघं आलात तर प्रेसा, म्हणजे धरण, त्याच्या बाजूला राहा. आणि तेव्हा साकातेकासही करा. तिथलं किंता रेआल जुन्या सान पेद्रो बैलझुंजीच्या रिंगणाभोवती, दगडी जलसेतूच्या सावलीत बांधलंय. खोलीच्या बाल्कनीतून रिकामं रिंगण दिसतं. मी मेक्सिकोत पाहिलेलं सर्वांत विलक्षण हॉटेल तेच.

पैशांचं एक लक्षात ठेवा. दर 'अधिक कर' असा दिलेला असेल तर त्यावर १६ टक्के 'इवा', म्हणजे मूल्यवर्धित कर, आणि शिवाय राज्याचा निवास कर लागतो. दोन हॉटेलांची तुलना करताना दोन्हींचा शेवटचा आकडा मागवा. व्हिसाचंही: तुमच्याकडे चालू अमेरिकी व्हिसा आहे म्हणालात, मग मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. आईंच्या पासपोर्टवरही तो आहे ना, ते बघा.

माझा आराखडा असा: मेक्सिको सिटी दोन रात्री, पुएब्ला दोन, मग बसने साधारण साडेचार तासांत ओआहाका. ३० ऑक्टोबरला पोहोचून चार रात्री, आतल्या चौकाची तळमजल्याची खोली. ३ नोव्हेंबरला विमानाने मेक्सिको सिटी, तिथून गाडीने सान मिगेल, शेवटच्या तीन रात्री.

प्रत्येक हॉटेलात पोहोचल्यावर बॅगा उघडण्याआधी दहा मिनिटं द्या. गरम पाणी सोडा आणि किती वेळात येतं ते बघा, जुन्या नळांत पाच मिनिटंही लागतात. दार लावून गप्प उभे राहा आणि ऐका. आईंना पलंगावर बसवून पाय जमिनीला टेकतात का बघा, जुन्या घाटाचे पलंग उंच असतात. मागितलं तर चढायला लहान स्टूल मिळतं. खोली पटली नाही तर तेव्हाच सांगा. दुपारी तीन-चारला दुसरी दाखवतात, रात्री आठला दाखवायला काही उरलेलं नसतं.